छेदात कोण कोण आहे?
वाचकांचे प्रश्न, गणिताच्या मास्तरांची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि मोबाईलवरचे मेसेज मिळून बरेच आले, काही तर नुसते व्हॉइस मेसेज, मागं बैलाच्या घुंगराचा आवाज. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही म्हणून पाच घेतले. गणित घातलं की न्याय आपोआप बाहेर पडतो असं काही नसतं, पण आपण "हे बरोबर आहे" म्हणतो तेव्हा काय धरलं आणि काय सोडलं ते गणित मांडताना लपवता येत नाही, एवढ्यासाठी मी ३१ वर्षं शाळेत शिकवलेला विषय अजून सोडलेला नाही.

प्रश्न: सर नमस्कार. आमी तिघं भाऊ. बाबा जाऊन दोन वर्षं झाले. १२ एकर वावर हाये पण एकसारखं नाही, ४ एकर विहिरीजवळचं काळं, ५ एकर नाल्याकाठी, जास्त पाऊस झाला का खरडून जाते, अन् ३ एकर मुरमाड पण रोडले लागून. मोठा म्हणते सरळ चार-चार एकर करा. लहाना म्हणते विहिरीजवळचं मलेच पाह्यजे. माय म्हणते काय कराचं ते करा पण राखीले बहिणी येतीन तेव्हा घरात तोंडं फिरलेली नको. गणितात याच्यावर काही हाये का?
— मधला भाऊ, ता. दारव्हा

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुम्ही जे विचारलं ते सांगतो, मग जे विचारलं नाही ते.

चार-चार एकर ऐकायला सरळ वाटते, पण एकर हे जमिनीचं माप आहे, तिच्या मोलाचं नाही. विहिरीजवळच्या एकरात दोन पिकं निघतात, नाल्याकाठच्या एकरात एका रात्रीच्या पावसात बियाणं आणि खत दोन्ही वाहून जाते, आणि मुरमाड एकराला उद्या रोडमुळे कोण काय भाव देईल सांगता येत नाही. शिवाय तिघांच्या मनात या तीन तुकड्यांचं मोल वेगवेगळं असणार, लहान्याला ओलीत करायचं आहे, तुमच्या मनात कदाचित रोडवर काही टाकायचं असेल. हा फरक भांडणाचं मूळ वाटते पण वाटणीला तोच कामाचा आहे, तिघांनाही सारखंच सगळं प्यारं असतं तर जास्त अवघड झालं असतं.

दोघांत वाटायचं असलं की आपल्याकडं लेकरं सुद्धा करतात, एकानं भेली फोडायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. फोडणारा जीव लावून सारखी फोडतो कारण उरलेली त्यालाच घ्यायची आहे. यात भेलीची किंमत तिसऱ्या कोणाला ठरवावी लागत नाही, पंच लागत नाही. तिघांसाठी हेच पुढं न्यायचं काम पोलंडच्या गणितज्ञांनी केलं. ह्यूगो स्टाइनहाउस म्हणून होते, त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धरला आणि त्यांचे साथी बानाख आणि क्नास्टर यांनी रीत काढली. ती अशी. ओट्यावर खडूनं वावराचा नकाशा काढा, जवळ गटाचा नकाशा ठेवा. मोठ्या भावानं त्याच्या मतानं बरोबर एक तृतीयांश मोलाचा वाटा आखायचा, त्यात कुठलाही तुकडा थोडा थोडा येऊ शकतो. मग तुम्ही बघायचं, तुम्हाला तो तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वाटला तर थोडा कमी करायचा, म्हणजे रेघ आत सरकवायची, नाही वाटला तर हात लावायचा नाही. मग लहान्यानं तसंच. ज्यानं शेवटी कमी केलं त्यानंच तो वाटा घ्यायचा, कोणीच हात लावला नाही तर आखणाऱ्यानं घ्यायचा. उरलेले दोघं बाकीचं वावर भेलीसारखं करतात. घेणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मापानं पुरता तिसरा हिस्सा मिळतो, आणि उरलेल्या दोघांना वाटते की मागं दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्तच शिल्लक आहे. विहिरीचं पाणी मात्र जमिनीत मिसळू नका, त्याच्या पाळ्या वेगळ्या ठरवा, नाहीतर सगळं पुन्हा तिथंच अडते.

एक उणीव आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. जो पहिला वाटा घेऊन बाहेर पडला त्याला नंतर वाटू शकते की मागच्या दोघांत एकाला माझ्यापेक्षा चांगलं गेलं. स्वतःला पुरेसं मिळणं आणि दुसऱ्याच्या वाट्याकडं बघून जीव न जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गणितात सुद्धा वेगळ्या. तिघांत कोणाचाच जीव जळणार नाही अशी रीत १९६० च्या सुमारास सेल्फ्रिज आणि कॉनवे या दोघांनी आपापली काढली, ती थोडी लांब आहे, हवी असेल तर घरी या, ओट्यावरच करून दाखवतो.

आता न विचारलेलं. तुम्ही लिहिलं आम्ही तिघं, म्हणून भागिले तीन. पण त्याच पत्रात पुढं माय आहे आणि राखीला येणाऱ्या बहिणी आहेत. किती आहेत तेही लिहिलं नाही. समजा दोन, तर छेद तीन नाही, सहा आहे. वडिलांची स्वकष्टाची जमीन असेल तर माय, मुलं आणि मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार, आणि त्या तारखेला वडील हयात असायला पाहिजे होते असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बारकावे वकिलाला विचारा, पण छेद आधी नीट लिहा. खडूची रेघ कितीही प्रामाणिक असो, छेद चुकला असेल तर उत्तर चुकणारच.

हे मी तुम्हाला वरून सांगत नाही. आमची वाटणी झाली तेव्हा माझी बहीण आली, हक्कसोडीच्या कागदावर सही केली, साडी घेतली, जेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. मी तेव्हा पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होतो. तिला कोणी विचारलं नाही की तुला सोडायचं आहे का, मी पण नाही. तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. तुमच्या बहिणी खुशीनं सोडतील सुद्धा, त्यांचा हक्क आहे तो, पण आधी त्यांचा वाटा आखून त्यांच्यापुढं ठेवा, मग त्यांना ठरवू द्या. जे हातात दिलंच नाही ते सोडलं कसं म्हणायचं.

प्रश्न: सर, आमी तिघं शेजारी कास्तकार मिळून बंधाऱ्यावरून पाइपलाइन आणून रायलो. माझं वावर ३०० मीटरवर, दुसऱ्याचं ७०० वर, तिसऱ्याचं १००० वर. सगळा खर्च १ लाख येते. ते दोघं म्हणतात तिघांत सारखा करू, भाईचाऱ्याचा मामला हाये. मले काही तरी खटकते पण बोललो तं कंजूस म्हणतीन.
— पहिला, ता. वरूड

उत्तर: तुम्हाला खटकते ते बरोबर खटकते. मीटरला १०० रुपये धरले तर तुम्ही एकट्यानं पाइप टाकला असता तर ३० हजार लागले असते. सारखा वाटला तर तुम्हाला ३३ हजारांच्या वर भरावे लागतात. म्हणजे सोबत गेल्यामुळं तुमचा खर्च वाढला, मग सोबत कशाला जायचं.

इथं छेद एक नाही, दर टप्प्याला वेगळा आहे. पहिले ३०० मीटर तिघं वापरतात, ३० हजार भागिले तीन. पुढचे ४०० मीटर दोघंच वापरतात, ४० हजार भागिले दोन. शेवटचे ३०० मीटर तिसऱ्याचेच. तर तुमचे १०, दुसऱ्याचे ३० आणि तिसऱ्याचे ६० हजार, बेरीज बरोबर लाख. तिसऱ्याला ६० जड वाटेल, पण एकट्यानं केलं असतं तर त्याला पूर्ण लाख पडले असते, दुसऱ्याला ७०. तिघांचाही फायदा झाला आणि कोणाचा पैसा कोणाच्या पाइपात गेला नाही. लॉइड शॅपली नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९५३ मध्ये यापेक्षा बरीच मोठी रीत मांडली. माणसं एकामागून एक येऊन मिळतात असं धरायचं, येणाऱ्यानं किती खर्च वाढवला ते लिहायचं, येण्याचे जेवढे क्रम होतात त्या सगळ्यांची सरासरी काढायची. तुमच्या तिघांचे सहा क्रम होतात, करून बघा, हेच १०, ३०, ६० निघते. शॅपलींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी.

तिसरा कास्तकार अडचणीत असेल आणि तुम्हाला त्याला मदत करायची असेल तर जरूर करा, पण ती मदत म्हणून वेगळी लिहा. हिशोबात मिसळलेली मदत ना देणाऱ्याला दिसते ना घेणाऱ्याला.

प्रश्न: जय हिंद सर. रोही अन् रानडुकरानं हरभरा राहू देत नाही म्हणून आमी चौघांनी पाळीनं जागल कराचं ठरवलं. एक गडी दोन पाळ्या आलाच नाही, घरी म्हातारी माय एकटी रायते म्हणते. माझी माय म्हणते त्याचं पाप त्याच्यापाशी, तू तुझं कर. दोस्त म्हणतात जशास तसं, तू पण जाऊ नको. चौथा तं म्हणते तारेत करंट सोडून देऊ, भानगडच मिटते. काय कराव?
— ता. रिसोड

उत्तर: करंटचं आधी. ते करू नका, कायद्यानं गुन्हा आहेच पण हिशोब पण बघा. तुम्ही म्हणाल रात्री कोण येते तिथं, एखाद्या रात्री माणूस तारेला लागायची शक्यता फार तर हजारात एक. हरभऱ्याच्या १२० रात्री धरा. रोजची हजारात एक ही १२० रात्रींत जमत जमत शंभरात अकराच्या वर जाते, म्हणजे नऊ हंगामांत एक माणूस. आणि ज्याचा जीव जाईल तो मोटर बंद करायला निघालेला कोणी किंवा चुकलेली म्हैस शोधणारं एखादं पोट्टं, त्याला या बैठकीत कोणी बोलावलेलं नाही. धोका त्याचा आणि निर्णय तुमचा, हे कोणत्याच रीतीनं बसत नाही.

आता जशास तसं. तुमच्या अडचणीला गणितात जुनं नाव आहे, कैद्यांची कोंडी, १९५० मध्ये अमेरिकेत ती पहिल्यांदा मांडली गेली. सगळे आले तर सगळ्यांचं भलं, पण एका रात्रीपुरतं बघितलं तर बाकीचे येवोत न येवोत, गोधडीत झोपून राहणं प्रत्येकालाच परवडते, आणि प्रत्येकानं तोच विचार केला की हरभरा गेला. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर स्पर्धा लावली, जाणकारांना म्हणाले की हा खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर कसं वागायचं त्याचा प्रोग्रॅम पाठवा. पहिल्या वेळी १४ आले, दुसऱ्या वेळी ६२, आणि दोन्ही वेळा अनातोल रापोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम जिंकला. त्याचा नियम एवढाच, सुरुवात चांगुलपणानं करायची, मग समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं ते करायचं. तो सुधारला की लगेच आपणही सुधारायचं, जुनं उकरायचं नाही.

तुमचे दोस्त यातला अर्धाच भाग सांगतात. "सुरुवात चांगुलपणानं" आणि "लगेच माफ" हे दोन तुकडे काढले तर तो नियम उरतच नाही, नुसती खुन्नस उरते. दुसरं म्हणजे एखादी गोष्ट चुकून घडली तरी हा नियम ती दुष्टपणानं केली असं धरतो आणि मग दोघं कायमचे एकमेकांना चापट मारत राहतात. म्हणून पुढं लोकांनी त्यात अधूनमधून एखादी चूक सोडून देणारा सुधार केला आणि जिथं गैरसमज होतात तिथं तोच बरा चालला. आणि तिसरं सगळ्यात मोठं. तो खेळ दोघांचा होता, तुम्ही चार आहात. तुम्ही जागलीला गेला नाही तर मार त्याला एकट्याला बसत नाही, ज्यांनी पाळी चुकवली नाही त्यांचा पण हरभरा जातो. शिक्षा देताना पण छेद बघावा लागतो, कोणाकोणावर वाटल्या जाते ती.

मग काय करायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी आयुष्यभर हेच बघितलं की जंगल, कालवे, कुरणं लोक मिळून कसे सांभाळतात, नेपाळातल्या पाटापासून स्वित्झर्लंडच्या डोंगरापर्यंत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. जिथं सामायिक गोष्टी टिकल्या तिथं त्यांना काही खुणा सारख्या दिसल्या, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच, आणि दंड पहिल्या चुकीला अगदी हलका, मग वाढत जाणारा. लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा, सगळं गाव बसून सर्वसहमतीनं ठरवते, जंगल राखते, आणि २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला.

म्हणून चौघं बसा, वहीत पाळ्या लिहा. पाळी चुकली तर पहिल्यांदा नुसतं नाव लिहायचं, दुसऱ्यांदा बदली पाळी, तिसऱ्यांदा सगळ्यांचा चहा-नाश्ता किंवा एक दिवसाची रोजी. पण लिहायच्या आधी त्याच्या घरी जाऊन बघा. म्हातारी माय खरंच एकटी असेल तर रात्रभर जागणं त्याला जमणारच नाही, त्याला संध्याकाळी सहा ते नऊची पाळी द्या किंवा मचाण बांधायचं, टॉर्च चार्ज करायचं काम द्या. सारखं काम म्हणजे सारख्या रात्री असंच थोडी आहे. तुमची माय म्हणते ते वाईट नाही, पण तुम्ही एकटेच जागत राहिलात तर दोन महिन्यांत तुम्ही पण मनातून कडू व्हाल आणि हरभराही जाईल.

प्रश्न: सर, मी अंगणवाडीत काम करते. आमच्या भागात धानाच्या बांध्यांत साप खूप. साप चावला की लोक आधी बुवाकडे नेतात. मामंजी म्हणतात बुवांनी शंभरातली नव्वद माणसं वाचवली, दवाखान्यात नेलेले मात्र मरतात, डोळ्यानं पाहिलं आहे. मी सून, त्यांच्यापुढे काय बोलू?
— ता. ब्रह्मपुरी

उत्तर: ताई, मामंजी खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. पण हिशोबाचे खण चार होतात, बुवाकडे गेलेले आणि न गेलेले, त्या दोघांत वाचलेले आणि मेलेले, त्यातले त्यांनी दोनच पाहिले.

भारतात सापांच्या ३०० च्या आसपास जाती, त्यातल्या विषारी साधारण ६०, आणि माणसं मारणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. विषारी साप सुद्धा चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. आता समजायला आकडे धरू. समजा १०० माणसांना साप चावला, ७० जणांच्या अंगात विष गेलंच नाही, ३० जणांच्या गेलं, आणि काही उपचार न करता त्या ३० तले १० मेले. म्हणजे कोणीच काही केलं नाही, नुसतं घरी बसवलं, तरी नव्वद वाचले. बुवाकडे नेलं तरी नव्वदच वाचले. बुवाचं काम बघायचं असेल तर "बुवाकडे गेले आणि वाचले" हा एकच खण पुरत नाही, "कुठंच गेले नाही आणि वाचले" हा खण शेजारी मांडावा लागतो, आणि तो खण कोणी मोजत नाही कारण त्याची गोष्ट कोणी पारावर बसून सांगत नाही. जे मेले त्यांचं तर "दिवस भरले होते" म्हणून नावच निघते हिशोबातून.

दवाखान्यात मरतात हे कसं, त्याचं जास्त वाईट वाटते. ज्यांना विष चढलं नाही ते बुवाकडून चालत घरी येतात. ज्यांना चढलं, ज्यांच्या पापण्या पडायला लागल्या, श्वास अडकला, त्यांनाच शेवटी गाडी करून दवाखान्यात नेतात, तीन-चार तास गेल्यावर. म्हणजे हलके सगळे बुवाच्या नावावर आणि शेवटच्या घटकेतले डॉक्टरच्या नावावर. अशी निवड करून पाठवली तर जगातला कोणताही चांगला दवाखाना वाईटच दिसेल. मण्यारचं तर असं की रात्री झोपेत चावते, दुखत पण नाही, खूण पण धड दिसत नाही, लोक म्हणतात काही नाही झालं, आणि पहाटेपर्यंत माणूस हातचा जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये छापून आला, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, बहुतेक खेड्यांतली आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे रोवणी-निंदणाच्याच दिवसांत. त्या चार सापांवरचं औषध आपल्याकडं आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, आणि त्याचा उपयोग वेळेवर आहे.

सून म्हणून वाद घालू नका असं मी म्हणेन, तुम्ही हरणार नाही पण मामंजी ऐकणार पण नाहीत. त्यांना एक वही द्या आणि म्हणा, मामंजी, तुमचं ध्यान चांगलं आहे, या पावसाळ्यात आपल्या आणि आजूबाजूच्या गावात ज्याला ज्याला साप चावला त्याचं लिहून ठेवाल का, कोणता साप दिसला, किती वाजता चावला, आधी कुठं नेलं, दवाखान्यात किती तासांनी पोहोचला, पुढं काय झालं. जो कुठंच गेला नाही तो पण लिहायचा. जुन्या माणसांना दुसऱ्याचे आकडे पटत नाहीत, स्वतःच्या हातानं लिहिलेले पटतात, हे मी माझ्या वडिलांच्या पावसाच्या वहीत पाहिलं आहे. पण वही भरेपर्यंत थांबायचं नाही. कोणाला चावला तर घट्ट दोर बांधू नका, कापू-चोखू नका, माणसाला चालवू नका, धीर द्या आणि सरळ दवाखान्यात. बुवा म्हणाले थांबा, तर त्यांनाही गाडीत घ्या, मंत्र गाडीत म्हणू द्या. आणि दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे तुम्ही नाही तर तुमच्या सरपंचांनी बुवांना सांगावं.

प्रश्न: सर, माझं सोयाबीन पुरं सडलं पण विम्यात बसलो नाही. म्हणतात मंडळाची सरासरी चांगली आली. माझ्या वावराचं नुकसान अन् सरासरी दुसऱ्याची, हा कोणता न्याय?
— ता. चिखली

उत्तर: समजा तुमच्या मंडळात, म्हणजे बऱ्याच गावांच्या मिळून केलेल्या महसुली घटकात, दहाच वावरं आहेत. आठांत एकरी ८ क्विंटल झालं, नाल्याच्या दोनांत शून्य. सरासरी ६.४. उंबरठा उत्पन्न, म्हणजे सरासरी ज्याच्या खाली गेली तरच विमा मिळतो तो आकडा, ६ धरलं असेल तर कोणालाच काही नाही. शून्य असलेल्या दोघांना त्या ६.४ मधला दाणा सुद्धा दिसलेला नसतो. सरासरी ही मंडळाची खरी आहे, माणसाची नाही.

ही रीत कोणी नुसतं छळायला काढली नाही, त्यामागं पण विचार आहे. एकेक वावर बघून पैसे द्यायचे तर तपासायला माणसं पुरणार नाहीत, आणि काही जण फवारणीच करणार नाहीत की विमा आहेच. सरासरीवर पैसे दिले तर एकट्यानं पीक सोडून फायदा होत नाही. पण त्या सोयीची किंमत नेमके तुमच्यासारखे भरतात, आणि ही किंमत कोणत्याच तक्त्यात लिहिलेली नसते. माझं मत विचाराल तर मंडळ हा घटक फार मोठा आहे, जेवढा घटक लहान, तेवढं एकाचं दुःख दुसऱ्याच्या सुखात कमी बुडते. तो लहान करायचा तर पीक कापणीचे प्रयोग, म्हणजे निवडक वावरांत छोटा तुकडा कापून, तोलून उत्पन्न काढणं, वाढवावे लागतील, खर्च वाढेल, आणि तो वाढावा अशी मागणी ग्रामसभेतून ठरावानं करायला हरकत नाही.

आणि ती सरासरी तरी खरी यायला पाहिजे. १९४० च्या दशकात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचा यावरच वाद झाला होता, कापणीचा तुकडा किती मोठा घ्यायचा. सुखात्म्यांचं म्हणणं की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची झाडं, जी आत धरायची की बाहेर असा प्रश्न पडतो, ती माणूस नकळत आतच धरतो आणि उत्पन्न असल्यापेक्षा जास्त दिसते. लबाडी नाही, हात आपोआप भरल्या झाडाकडं जातो. पण एकरी आकडा काढताना तेवढ्यानं सुद्धा फरक पडतो आणि उंबरठ्याच्या वर-खाली व्हायला तो पुरतो.

म्हणून पुढच्या हंगामात तुमच्या गावात पीक कापणी प्रयोग कोणत्या दिवशी आणि कोणत्या वावरात आहे ते गावच्या कृषी कर्मचाऱ्याला आधी विचारून ठेवा, त्या दिवशी रोजी बुडाली तरी जा, दोन-चार जण सोबत घ्या. तुकडा वावरात कुठं पडेल ते आकड्यांच्या यादीतून चिठ्ठीसारखं निघते, पीक बरं दिसते म्हणून निवडायचं नसते. कोणी म्हणालं की इकडं चांगलं आहे, इथंच कापून घ्या, तर तिथंच थांबवा. दोरी लावून झाली की कडेची झाडं मोजा, मूळ दोरीच्या आत आहे की बाहेर ते बघा, वजन होईपर्यंत उभे राहा आणि आकडा तुमच्या वहीत पण लिहून घ्या.